मारोतरावांच्या खिशातला गुलाल

आमच्या शाळेचा फुटबॉलचा संघ सात वर्षं पहिल्याच सामन्यात हरून घरी यायचा, आणि सातही वर्षं मारोतराव ढोके बंडीच्या आतल्या खिशात गुलालाची पुडी घेऊन त्या सामन्याला हजर असायचे. पुडी एकच. दुसरी घ्यायची वेळच आम्ही त्यांच्यावर येऊ दिली नाही. सामना सुरू व्हायच्या आधी ते खिशावरून हात फिरवून पुडी जागेवर असल्याची खात्री करायचे आणि मला म्हणायचे, "सर, यंदा फायनल." एका वर्षी आम्ही नऊ गोल खाल्ले आणि एकही केला नाही. पोरं माझ्याकडे बघायला तयार नव्हती. मारोतरावांनी पुन्हा खिसा चाचपला आणि शांतपणे सांगितलं, "पुढल्या साली फायनल."

मी घाटंजीत एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. गाव मला पीटीवाले सर म्हणतं. मारोतरावांचा शाळेशी कागदोपत्री काहीएक संबंध नाही. त्यांचं कपाशीचं वावर आमच्या मैदानाला लागून आहे, मध्ये एक बांध आहे, एवढंच नातं.

त्यांचं खरं आयुष्य गेलं शंकरपटात. बैलांच्या जोड्या पळवायच्या आणि कोणाची जोडी किती सेकंदांत पोचली ते मोजायचं, हा आमच्याकडचा जुना नाद. मारोतरावांच्या जोडीचं नाव चार तालुक्यांत होतं म्हणतात. मग मधली काही वर्षं कोर्टाच्या बंदीमुळे पट बंद राहिले आणि हा माणूस संध्याकाळी बांधावर रिकामा बसू लागला. बायको आधीच गेलेली, दोन्ही मुली सासरी. समोर माझी पोरं धावत होती. धावणारं काहीतरी दिसल्यावर ते उठून आले आणि मग कधी परत गेलेच नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, यातला धुरकरी कोण? धुरकरी म्हणजे पटात जोडी हाकणारा. मी म्हटलं, फुटबॉलमध्ये हाकणारा नसतो. पोरं मोकाट सोडून मी पगार उचलतो, अशी त्यांची त्या दिवशी खात्री पटली असावी. मग त्यांनी पोरं मोजली. अकरा भरली. पुन्हा मोजली.

"साडेपाच जोड्या होऊन राह्यल्या, सर. अर्धी जोड कुठं हाय?"

मी समजावलं, की दहा जण मैदानात पळतात आणि एक गोलकीपर असतो, त्याला जोड नसते. मारोतरावांनी गोलात एकट्या उभ्या असलेल्या पोराकडे बराच वेळ पाहिलं. "म्हून हरता तुमी," ते म्हणाले. त्यानंतर गोलकीपर तीनदा बदलले, पण मारोतरावांचं मत बदललं नाही.

जूनमध्ये नवी पोरं निवडायची, तेव्हा ते माझ्याआधी मैदानात हजर. पोरांना रांगेत उभं करायचं, भोवती एक चक्कर मारायची, गुडघ्यावर टिचकी मारायची, पाय उचलायला लावून तळवा बघायचा. पोरगा पसंत पडला तर "खूर चांगला हाय" म्हणून पाठीवर थाप. गळ्यात पटातलं जुनं स्टॉपवॉच. पोरगा चेंडू घेऊन पळाला काय नि पाणी प्यायला पळाला काय, मारोतराव वेळ लावणारच. एका सुस्त पोरासाठी त्यांनी महिनाभर सरकीची ढेप भिजवून आणली. पोरानं ती इमानदारीनं घरच्या म्हशीला घातली. म्हैस दुधाला वाढली, आणि इकडे मारोतरावांना पोराच्या धावण्यात फरक दिसू लागला. महिन्याअखेर त्याचे दोन सेकंद कमी झाल्याचं त्यांनी मला घड्याळ दाखवून सिद्ध केलं.

पण त्यांचं खरं दुखणं म्हणजे बोरी अरब. तिकडच्या शाळेचा संघ दरवर्षी जिल्ह्याला सेमीफायनल तरी खेळतो. आमच्याकडून बोरीला जायचं तर यवतमाळला एसटी बदलावी लागते, आणि माझ्या माहितीत मारोतराव कधी तिकडे गेले नव्हते. तरी बोरीच्या संघात काय चाललंय हे त्यांना माझ्याआधी कळायचं. आठवडी बाजारात ते बोरीच्या बाजूचे, दारव्ह्याकडचे व्यापारी हुडकून काढायचे. कांदे घ्यायचे नसले तरी कांदेवाल्यासमोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, बोरीच्या पोराईच्या गोलाले जाळी लावली म्हणते, खरं काय?

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर तक्रार यायची. "बोरीले गोलाले जाळी हाय, सर. आपल्याइथं काहून नाही?"

हे त्यांचं पालुपद. बोरीची पोरं खेळून झाल्यावर केळी खातात, आपल्याइथं काहून नाही? बोरीचा गोलकीपर हातमोजे घालतो, आपल्याइथं काहून नाही? मी काही उत्तर द्यायच्या आत ते सोय करून मोकळे व्हायचे. केळी आली. हातमोजे आले, ते फवारणीचे रबरी होते. आणि जाळी म्हणून त्यांनी बैलगाडीत कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरायची मोठी जाळी गोलाला बांधली. पहिल्या आठवड्यात तिच्यात एकही चेंडू अडकला नाही, दोन शेळ्या मात्र अडकल्या.

आपण जळतो हे ते लपवायचे नाहीत. एखादा माणूस मला शुगर आहे म्हणून चहा नाकारतो, तितक्या सहज ते म्हणायचे, "बोरीचं चांगलं झालेलं मले पाहवत नाही." मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, जुनं हाय. आणि स्टॉपवॉचकडे बघत बसले.

आता माझं सांगतो. मी मारोतरावांवर जळायचो. खेळाची पदवी माझ्याकडे, शिट्टी माझ्याकडे, आणि पोरं त्यांची. मी मैदानाला चार चकरा मारा म्हटलं, की कोणाचा पाय दुखायचा, कोणाची आई वाट बघत असायची. मारोतरावांनी, म्हणजे पोरांच्या आबाजींनी, नुसतं घड्याळ हातात घेतलं, की तीच पोरं जीव खाऊन पळायची. गोल झाला तर आधी बांधाकडे बघायची. गुडघा फुटला तरी आधी बांधाकडेच. गावातल्या सत्कारात कोणीतरी मारोतरावांना शाल दिली, फुटबॉलची सेवा म्हणून. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन बायकोशी विनाकारण भांडलो.

यंदा शाळा सुरू झाली तशी मुख्याध्यापक मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सात वर्षांत एकही सामना जिंकलेला नाही, तेव्हा या वर्षी निदान एक जिंका. नाहीतर फुटबॉल बंद आणि तो तास शिष्यवृत्तीच्या वर्गाला.

संध्याकाळी मी बांधावर जाऊन मारोतरावांना हे सांगितलं. खरं सांगायचं तर थोडं चवीनंच सांगितलं. आता म्हणा फायनल, असं काहीसं माझ्या मनात होतं. पण त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "बंद म्हणजे पट बंद झालते तसं बंद?"

मी हो म्हटलं. मैदानात पोरं कुटाराच्या जाळीत अडकलेला चेंडू सोडवत होती. मारोतराव तिकडे बघत राहिले आणि मला माझी लाज वाटली.

सामने यवतमाळला होते. सामन्यांच्या तीन दिवस आधी मारोतराव गायब झाले. सात वर्षांत पहिल्यांदा बांध रिकामा होता. पोरं सरावात लक्ष घालेनात. आबाजी कुठं गेले, आबाजी आजारी आहेत का, हेच चाललं होतं. मी त्याआधीच्या उन्हाळ्यात टायफॉइडनं पंधरा दिवस पडलो होतो, तेव्हा यातल्या एकानंही माझ्या घराची कडी वाजवली नव्हती. तेही मला त्याच दिवशी आठवलं.

शेवटच्या सरावाच्या दिवशी चार वाजता शाळेसमोर एसटी थांबली. आधी मारोतराव उतरले. मग पंधरा-सोळा वर्षांचा एक उंच पोरगा उतरला. त्याच्यामागून पांढऱ्या धोतरातले, मारोतरावांच्याच वयाचे एक गृहस्थ हातात पिशवी घेऊन सावकाश उतरले. मारोतराव तडक माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"जोड आणली, सर," ते म्हणाले. "निल्याची."

निल्या म्हणजे निलेश आत्राम, आमचा गोलकीपर. आणि ही जोड म्हणजे बोरीच्या संघाचा गोलकीपर आदित्य. धोतरातले गृहस्थ त्याचे आजोबा, शेषराव. मला सगळं जुळवायला मिनिटभर लागलं. मारोतराव बोरीला जाऊन त्यांचा गोलकीपर मागून घेऊन आले होते.

मी त्यांना नियम सांगितला. एका शाळेचा पोरगा दुसऱ्या शाळेकडून खेळू शकत नाही. खेळता आला असता तरी गोलात दोघं उभे राहू शकत नाहीत. मारोतराव ऐकून घेत होते, पण त्यांना पटत नव्हतं. पटात हे चालतं. आपला एक बैल बसला तर माणूस दुसऱ्या गावच्या पटवाल्याच्या दारात जातो आणि जोडीला बैल मागतो, भले त्याच्याशी वर्षानुवर्षं चुरस असो. दारात आलेल्याला बैल द्यायचा असतो. आणि मालक बैलासोबत स्वतः येतो.

"जनावर एकटं धाडत नाही आमी," बाकावर टेकत शेषराव म्हणाले. जनावरानं, म्हणजे आदित्यनं, मला नमस्कार केला. त्याला या भाषेची सवय असावी.

माझा तोल गेला. संघ माझा, आणि हा माणूस मला न विचारता परगावी जाऊन माझ्यासाठी भीक मागून आला. मी जरा मोठ्यानंच बोललो. मला एका शब्दानं विचारलं असतं तर ही फेरी वाचली असती, असं म्हणालो. मारोतरावांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"मंग वापस नेऊ काय?" त्यांनी विचारलं. प्रश्न माझ्यासाठी होता, पण बघत होते ते शेषरावांकडे.

नेण्याचा प्रश्न उरला नव्हता. आदित्य कधीच गोलाकडे गेला होता आणि निलेशचे फवारणीचे हातमोजे काढून त्याच्या हातात स्वतःचे घालत होता. दिवस मावळेपर्यंत दोघं गोलात होते. बोरीला पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे चाल, मिळाला होता, आदित्य दुसऱ्या दिवशी यवतमाळलाच त्यांच्या संघात जाऊन मिळणार होता. रात्रीचा मुक्काम मारोतरावांकडे ठरला.

आदित्यनं निलेशला एकच गोष्ट शिकवली. चेंडूकडे बघू नको, मारणाऱ्याचा दुसरा पाय बघ. जो पाय जमिनीवर रोवतो, त्याचं बोट जिकडे, तिकडे चेंडू जाणार.

"बैल वळ्याच्या आधी त्याचा कान वळते," बांधावरून मारोतराव म्हणाले.

हे वाक्य मी सात वर्षं ऐकत होतो. बैलाचं पुराण म्हणून सोडून देत होतो. बोरीच्या पोरानं तासाभरात माझ्या गोलकीपरला जे दिलं ते मला तीन वर्षांत जमलं नव्हतं, आणि ते सात वर्षं माझ्या शेजारी बांधावर बसलेलं होतं. मला खूप राग आला. कोणाचा, ते ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या मैदानावर आम्ही पूर्ण वेळ शून्य-शून्य खेळलो. शून्य गोल खाण्याचाही आमचा तो पहिलाच प्रसंग. मग पेनल्ट्या झाल्या. निलेश चेंडूकडे बघतच नव्हता. समोरच्याच्या पायाकडे असं टक लावून बघत होता, की एक पोरगा मारायच्या आधी खाली वाकून स्वतःचा बूट तपासून गेला. निलेशनं दोन अडवल्या. आमच्या पोरांनी चार मारल्या. आम्ही जिंकलो.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली आणि बरं म्हणाल्या, तुमचा तास राहिला. फोन ठेवून वळतो तर पोरं मला ओलांडून मारोतरावांकडे धावली होती. आबाजी, गुलाल काढा. मारोतरावांनी खिशावर हात दाबून धरला आणि मान हलवली. "फायनलले," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण पुडी काही निघाली नाही.

दुपारी दुसरी फेरी, आणि समोर बोरी. सात वर्षं मारोतराव ज्या सामन्याची वाट बघत होते तो हाच. मध्यंतरापर्यंत आम्ही चार गोल खाल्ले होते. मी आधार शोधत आमच्या बाजूला पाहिलं, तर मारोतराव तिथे नव्हते. ते मैदानाच्या पलीकडे, बोरीच्या गोलामागे, शेषरावांशेजारी मांडी घालून बसले होते.

मी तावातावानं तिकडे गेलो. बोलायचं काय हे ठरवून गेलो होतो. पण पाठीमागे पोचलो आणि शेषरावांचा आवाज ऐकून थांबलो.

"मारोती, एक विचारू काय? त्या साली मी तुह्या दारात जोड मांगाले आलतो. तू म्हणला, बैलाले ताप हाय. होता काय रे ताप?"

मारोतराव गवताची काडी मोडत राहिले.

"नव्हता," ते म्हणाले. "तुही जोडी पुढं गेली असती. मले पाहवलं नसतं."

"मले मालूम होतं. गोठ्यात नजर गेलती माही. बैल मजेत रवंथ करून राह्यला होता."

"मंग आता पोरगं काहून देल्लं?"

"तू मांगाले आला ना."

मैदानात शिट्टी झाली, खेळ पुन्हा सुरू झाला. मारोतरावांनी बंडीत हात घालून पुडी काढली. मग तिच्याकडे बघत बोलले, शेषरावांशी की स्वतःशी ते कळलं नाही. हा गुलाल त्याच सालचा. त्या पटात शेषरावची जोडी उतरलीच नाही आणि मारोतराव पहिले आले. घरी नेऊन पुडी फोडावीशी वाटली नाही. पुढल्या साली शेष्याच्या जोडीले हरवून फोडू, असं ठरवलं. पुढल्या साली पट बंद झाले. बैल गोठ्यातच म्हातारा होऊन गेला. पट पुन्हा सुरू झाले तेव्हा पळवायला बैल नव्हता, आणि बोरीला जायला तोंड नव्हतं.

म्हणजे ती पुडी आमच्यासाठी कधीच नव्हती. सात वर्षं मी तिच्याकडे बघून आमच्या हरण्याचा हिशोब मांडत होतो, आणि ती आमच्या कितीतरी आधीची होती.

मारोतरावांनी पुडी दगडावर ठेवली. आतला गुलाल कडक झाला होता, दुसऱ्या दगडानं ठेचावा लागला. त्यातली चिमूट घेऊन त्यांनी शेषरावांच्या कपाळाला लावली. शेषरावांनी उरलेली पुडी घेऊन त्यांच्या डोक्यावरच उपडी केली. नेमका त्याच वेळी बोरीनं सहावा गोल केला. सगळ्या मैदानानं पाहिलं, की घाटंजीचा सगळ्यात निष्ठावान माणूस घाटंजीवर सहावा गोल झाल्याबद्दल बोरीच्या माणसासोबत गुलाल खेळतोय.

पोरांनी मला विचारलं, आबाजी असं काहून करून राह्यले? मी म्हटलं, त्यांनाच विचारा. माझ्या कपाळाला बोटभरही गुलाल लागला नाही, आणि आठ वर्षांतला एकमेव विजय मी मिळवून दिला होता. पण खरं सांगतो, मला गुलालाचं वाईट वाटलं नाही. माझ्याही आयुष्यात एक-दोन माणसांवर मी मनापासून जळलोय. त्यांतल्या एकाच्याही दारात काही मागायला जायची माझी हिंमत झालेली नाही, आणि कोणी माझ्या दारात आलेलं नाही. मी त्या दोघांकडे बघत उभा राहिलो आणि मला त्यांचा हेवा वाटला.

सोमवारी संध्याकाळी मारोतराव बांधावर होते. गळ्यात स्टॉपवॉच, कानामागे अजून गुलाल. मला बघताच म्हणाले, बोरीची पोरं सरावाले तांबड्या-निळ्या अशा दोन रंगांच्या बनियना घालून दोन टोळ्या करते म्हणते.

"आपल्याइथं काहून नाही, सर?"

मी म्हटलं, मला काय माहीत, त्या बनियना कुठे मिळतात ते शेषरावांनाच विचारा की आता.

त्यांना हे एकदम पटलं. त्यांनी खिशात हात घातला. ज्या खिशात पुडी असायची तिथे आता फोन होता. फोन लागला. मारोतराव बोलत बोलत बांधावरून वावरात उतरले, कपाशीच्या दोन ओळींमधून चालत पार पलीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. बैलांची नावं ऐकू येत होती, कुठल्या गावच्या पटात कोणाची जोडी कशी फुटली ते ऐकू येत होतं. बनियनचा विषय मी कान देऊन होतो तोवर तरी निघाला नाही.

इकडे पोरं चकरा मारायला तयार होऊन उभी होती आणि घड्याळ मारोतरावांच्या गळ्यात होतं. मी शिट्टी वाजवली. मारोतरावांनी कानावरचा फोन न हलवता दुसरा हात वर केला आणि मला गप्प राहायला सांगितलं.